सुमनचा डबा आणि खोडदचं वऱ्हाड

माझ्या हातून आयुष्यात एकच चोरी झाली, आणि तीही माझ्याच घरात, सकाळी नऊ वाजता, पन्नासेक साक्षीदारांसमोर. चोरीचा माल मी त्या साक्षीदारांनाच वाटून टाकला आणि वर प्रत्येकाला हसून ‘परत या’ असंही म्हणालो.

तेव्हा, म्हणजे दोन हजार सालच्या आगेमागे, कळंबला पुणे-नाशिक रस्त्याला लागून माझं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. माल भरपूर, गिऱ्हाईक बरं, पण सुट्ट्या पैशांचा कायमचा दुष्काळ. सगळ्या दुकानदारांसारखा मीही सुट्ट्यांऐवजी गोळ्या द्यायचो. चार आण्याला एक गोळी, आठ आण्याला दोन. एकदा एका म्हातारबाबांनी महिनाभर साठवलेल्या गोळ्या आणून काउंटरवर ओतल्या आणि तेवढ्या पैशांच्या काडेपेट्या मागितल्या. (गोळ्या मी घेतल्या नाहीत. काडेपेट्या त्यांनी घेतल्या.)

माझी बायको सुमन आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची, डोंगरातली. भात, नाचणी आणि हिरडा यांवर तिच्या माहेरचं घर चालायचं. जंगलातून हिरडा गोळा करायचा, वाळवायचा, आणि पाठीवर पोतं टाकून तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तो खाली बाजारात नेऊन विकायचा. अप्पांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण नाण्यावरचं चित्र त्यांना दुरून दिसायचं. हिरड्याच्या पैशांत एखादं वेगळं नाणं आलं की ते बाजूला काढून मुठीत धरायचे आणि डोंगर चढून घरी आले की पोरीच्या हातावर ठेवायचे. कधी माशांचं चित्र असलेले पन्नास पैसे, कधी मायलेकराचा रुपया, कधी गेंड्याचे चार आणे. सुमन ते नाणं वहीच्या कागदात गुंडाळून ग्लुकोज पावडरीच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. पुढं धरण झालं आणि त्यांचं जुनं घर पाण्याखाली गेलं. त्या घरातली भांडी निघाली, दाराच्या चौकटी निघाल्या आणि हा डबा निघाला. लग्नात तो आमच्याकडं आला.

लग्नानंतरही सुमनचा नाद सुटला नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती गल्ला घेऊन बसायची, एकेक नाणं उजेडात धरायची, आणि एखादं आवडलं की स्वतःच्या बटव्यातलं तेवढ्याच किमतीचं गल्ल्यात टाकून ते उचलायची. सालाखाली बारीक चांदणी असली तर ते नाणं हैदराबादच्या टाकसाळीचं, चौकट असली तर मुंबईचं, टिंब असलं तर नोएडाचं, हे तिनं मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मी दहाही वेळा ‘हं’ म्हणालो. मला नाण्याच्या दोनच बाजू माहीत होत्या, आलं आणि गेलं. तिच्या डब्याला मी ‘सासरवाडीची तिजोरी’ म्हणायचो आणि आल्यागेल्यासमोर हसायचो. सहा वर्षांच्या संसारात त्या डब्यात मी एकदाही डोकावलो नव्हतो. डोकावलो तो थेट त्या दिवशी.

त्या दिवशी सुमन सकाळच्या गाडीनं मंचरला दात काढायला गेली होती. साडेआठच्या सुमाराला दुकानासमोर एक ट्रक आणि एक जीप येऊन थांबली. ट्रकचं चाक पंक्चर झालं होतं. खोडदचं वऱ्हाड पेठला लग्नाला निघालं होतं. चाक बदलेपर्यंत सगळं वऱ्हाड खाली उतरलं आणि माझ्या दुकानावर तुटून पडलं. कुणाला बिस्किटं, कुणाला सुपारी, कुणाला पिना, कुणाला टिकल्या. नवरदेवाच्या मामांना, त्यांचं नाव बबनमामा, एकाएकी आठवलं की नारळ घरीच राहिले. दुकान उघडल्यापासून एवढी विक्री मी कधी पाहिली नव्हती. पण जो तो दहाची, वीसची नोट पुढं करायचा. दहा मिनिटांत गल्ल्यातले सुट्टे संपले, पंधराव्या मिनिटाला गोळ्यांची बरणी संपली. एक बाई म्हणाली, सुट्टे नसतील तर टिकल्या परत घ्या. तिच्या मागच्या दोघीही हातातल्या वस्तू खाली ठेवायला लागल्या.

आलेली विक्री परत जाताना पाहणं हे दुकानदाराच्या जिवावर येतं. मी आत गेलो, पिठाच्या डब्यामागून सासरवाडीची तिजोरी काढली आणि काउंटरवर आणली.

वरची नाणी सुटी होती, ती भराभर गेली. खाली कागदात गुंडाळलेली लागली. तेव्हा तरी माझा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही, उलट मला बायकोचा राग आला, की नाणी एवढी घट्ट गुंडाळून ठेवायची काय गरज होती. मी एकेक कागद सोडवत गेलो आणि नाणी वाटत गेलो. कागद मात्र फेकले नाहीत. किराणा दुकानदार कागद फेकत नाही. ते मी नीट डब्यात परत भरले, झाकण लावलं, आणि डबा जागच्या जागी ठेवला. बबनमामा जाताना म्हणाले, “पावणं, तुमी आज लई मदत केली. लग्नाला या.” मी म्हटलं, येतो. ट्रक गेला. मी खुशीत उदबत्ती लावली.

अकराच्या गाडीनं सुमन आली. एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, आणि तासभर बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी तिला दिवसाची विक्री सांगितली, ट्रकची गंमत सांगितली, आणि सुट्टे कसे उभे केले हेही छाती फुगवून सांगितलं. ती आत गेली. थोड्या वेळानं मी डोकावलो तर ती जमिनीवर बसली होती, मांडीत रिकामा डबा, आणि समोर सगळे कागद पसरलेले.

ती काही बोलेना. आता हे न बोलणं दाताचं की माझं, ते मला कळेना. मी विचारलं, फार दुखतंय का. तिनं तोंडातला कापूस काढला आणि म्हणाली, “अहो, हे वाचलं तरी का तुमी?”

मी एक कागद उचलला. दुसरीतल्या पोरीचं अक्षर होतं. ‘अप्पा भिजून आले.’ दुसऱ्यावर, ‘बैल हरवला. सापडला.’ तिसऱ्यावर, ‘अप्पांच्या पायात काटा. मी काढला.’ चौथ्यावर फक्त ‘आज अप्पा हसले.’ ज्या दिवशी नाणं आलं त्या दिवसाचं एकेक वाक्य तिनं लिहून ठेवलं होतं. बुडालेल्या घराचे सगळे दिवस माझ्यासमोर जमिनीवर पडले होते, आणि त्यांच्या आतलं जे काही होतं ते सकाळी मी बिस्किटांच्या पुड्यांसोबत पेठच्या रस्त्याला लावून दिलं होतं.

सुमन रडली असती तर बरं झालं असतं. तिनं कापूस परत तोंडात घातला.

मी दुकानाला कुलूप लावलं, गल्ल्यातल्या नोटा खिशात कोंबल्या आणि स्कूटर काढली. मंचर ओलांडून पेठला पोचलो तेव्हा अक्षता पडायला अर्धा तास होता. मांडवाच्या तोंडाशीच बबनमामांनी मला पाहिलं. सकाळी मी सहज ‘येतो’ म्हणालो होतो, आणि हा माणूस खरंच एवढ्या लांब आला, याचंच त्यांना भरून आलं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला होता.

बँड अगदी शेजारी वाजत होता. मी मामांच्या कानाला लागून सांगितलं, मला माझी नाणी पाहिजेत. मामांनी मान डोलावली आणि पाण्याचा पेला आणून दिला. मी पुन्हा ओरडून सांगितलं, नाणी. त्यांनी आणखी एक पेला आणला. तिसऱ्या वेळी त्यांनी अख्खी कळशीच मागवली आणि शेजारच्याला सांगितलं, पावणं उन्हातून आलंय, घसा कोरडा पडलाय. तीन पेले पाणी पिऊन मी त्यांचा नाद सोडला.

मांडवात एक माणूस माइकवर आहेर पुकारत होता. मी कागदावर लिहिलं की, कळंबच्या दुकानातून सकाळी ज्यांना सुट्टी नाणी मिळाली त्यांनी ती परत द्यावीत, बदल्यात दुप्पट पैसे मिळतील. माझ्यावर विश्वास बसावा म्हणून कागदासोबत शंभराची नोट धरली. त्यानं नोट घेतली, कागद खिशात टाकला आणि पुकारलं, “कळंबचे दानशूर दुकानदार यांच्याकडून नवरदेवास शंभर रुपये.” टाळ्या पडल्या. माझी नोट वहीत शिरली. मी वाकून नमस्कार केला, दुसरं काय करणार.

मग मात्र मी सरळ त्याच्या हातातून माइक घेतला. त्याआधी मी माइकवर कधी बोललो नव्हतो. जे झालं ते सगळं सांगून टाकलं. बायको दात काढायला गेली होती, मी तिचा डबा फोडला, नाणी तुमच्याजवळ आहेत, मेहरबानी करा आणि परत द्या, एकाला दोन देतो.

पुरुष मंडळी पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, दुप्पट देतोय म्हणजे नाण्यात काहीतरी असणार. पाच मिनिटांत मांडवभर झालं की कळंबच्या नाण्यांत सोनं निघालंय. ज्यांना नाणी मिळाली होती त्यांनी खिशावर हात ठेवले. एक जण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की त्याच्याकडचे आठ आणे तो पन्नास रुपयांच्या खाली सोडणार नाही. ज्यांना सकाळी सुट्टे मिळालेच नव्हते असे पेठचे दोघे-तिघे घरून आपली चिल्लर घेऊन आले आणि रांगेत उभे राहिले. बँडवाल्यानं तर ढोलात पडलेली ओवाळणी काढून दाखवली आणि भाव विचारला. मी फेटा सावरत सगळ्यांपुढं हात जोडत होतो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं नवरदेवाची आत्या उठून आली. टिकल्या परत करायला निघालेली ती हीच बाई. तिनं विचारलं, “ती नाणी तिला कुणी दिली व्हती?”

मी म्हटलं, तिच्या वडिलांनी. हिरडा विकून आले की एक आणायचे.

तिनं पदराची गाठ सोडली, आतली सगळी चिल्लर माझ्या हातावर ठेवली, आणि मी देऊ केलेली नोट माझ्याच खिशात परत घातली. मग मागं वळून बायकांना म्हणाली, “बापाचं हाय ते. द्या गं समद्याजणी.”

त्यानंतर बटवे उघडले, पदर सुटले, करवल्यांनी आरतीच्या ताटातली ओवाळणी दिली. गुरुजींनी गणपतीपुढची दक्षिणाही बदलून दिली, देवाला साल कुठलंही चालतं म्हणाले. बायका द्यायला लागल्यावर पुरुषांना लाज वाटली आणि त्यांचेही खिसे मोकळे झाले. (पन्नास रुपयेवाला शेवटी एका पेढ्यावर तयार झाला.) एवढी नाणी ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं. मी डोक्यावरचा फेटा उतरवला, त्यात सगळी बांधली, आणि ऊन असतानाच घरी पोचलो.

फेटा सुमनसमोर सोडला तेव्हा मला वाटलं, आता ती हसेल. ती एकेक नाणं हातात घेऊन बघत राहिली. किती तरी नाणी आमची नव्हतीच, साधी बाजारातली होती, ती तिनं गल्ल्यात टाकली. काही आमची होती, ती तिनं लगेच ओळखली. काही आलीच नव्हती, खोडदला की आणखी कुठं गेली देव जाणे. पण खरी पंचाईत वेगळीच होती. कागदावर तिनं दिवस लिहिला होता, नाणं कुठलं ते लिहिलं नव्हतं. त्याची गरजच नव्हती, ते आतच असायचं. आता दिवस एका ढिगात आणि नाणी दुसऱ्या ढिगात. चार-दोन तिला आठवली. बाकीचे कागद तिनं तसेच दुमडून ठेवले.

मी विचारलं, अप्पांना सांगायचं का. तिनं नको म्हणून मान हलवली.

पण पुढच्या बाजाराला अप्पा स्वतःच आले, तांदळाची पिशवी घेऊन. ते पोत्याला टेकून बशीतून चहा पीत होते, तेवढ्यात सुमन डबा घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, “अप्पा, माझ्या हातनं डबा सांडला. कुठलं नाणं कुठल्या दिवसाचं ते आता कळंना झालंय.”

माझ्या हातनं, असं ती म्हणाली. मी वजनकाट्याकडं बघत उभा राहिलो.

अप्पांनी बशी खाली ठेवली. “त्यात काय एवढं. तू वाच, मी सांगतो.”

ती वाचायला लागली. ‘अप्पा भिजून आले.’ अप्पांनी ढिगातून माशांचे पन्नास पैसे उचलले. पाऊस म्हणजे पाणी, पाणी म्हणजे मासे, हे त्यांचं शास्त्र माझ्या लगेच ध्यानात आलं. ‘बैल हरवला. सापडला.’ गेंड्याचे चार आणे. पायातल्या काट्याच्या दिवशीचा मायलेकराचा रुपया, कारण काटा लेकीनं काढला होता. पण प्रत्येक नाण्याबरोबर त्यांना तो दिवसही आठवायचा. पावसानं कुठं गाठलं, कुणाच्या पडवीत उभे राहिले, बैल कुठल्या ओढ्याला सापडला, काटा निघाला तेव्हा आईनं चुलीवर काय ठेवलं होतं. जे घर पाण्याखाली गेलं त्याची ओसरी, तिथला जात्याचा आवाज, आंब्याखालची वाट, सगळं माझ्या किराणा दुकानात मिठाच्या पोत्याशेजारी उभं राहिलं. गिऱ्हाईक आलं तरी मी हातानंच थांब म्हणून सांगत होतो.

ढिगात नाणी कमी पडणार हे मला मघाशीच दिसलं होतं. मी गल्ल्यातून मूठभर रुपये काढले आणि अप्पांची नजर चुकवून ढिगात सरकवले.

सुमननं पुढचा कागद वाचला. ‘इयत्ता दुसरी. आज अप्पांनी जिलबी आणली.’ अप्पांनी नेमका मी टाकलेल्यांतला एक रुपया उचलला, अंगठ्यानं पुसला आणि म्हणाले, “ह्यो. ह्यो मी कदी इसरायचो न्हाई. जिलबीच्या कागदात गुंडाळला व्हता.”

त्या रुपयावर नव्व्याण्णव साल होतं. सुमन दुसरीत होती तेव्हा त्याचा धातूसुद्धा खाणीत असेल. आता माझा स्वभाव असा आहे की गिऱ्हाइकानं साखरेचा भाव चार आण्यानं चुकीचा सांगितला तरी मी त्याला रस्त्यापर्यंत जाऊन दुरुस्त करतो. जिभेच्या टोकावर आलेलं ते साल मी कसं गिळलं, माझं मला ठाऊक. सुमन तो रुपया शांतपणे जिलबीच्या कागदात गुंडाळत होती. संध्याकाळच्या गाडीला निघताना अप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पावणं, तुमी लई कमी बोलता. चांगलं हाय.” असं मला याआधी आणि यानंतर कुणीही म्हटलेलं नाही.

चार वर्षांनी अप्पा गेले. हळूहळू चार आणे, आठ आणेही गेले, आता तर गिऱ्हाईक फोन दाखवून पैसे देतं आणि गल्ला दिवसभर मुका पडून असतो. दुपारी सुमन सवयीनं तो ओढून बसते, दोन-तीन नाणी उलटीपालटी करते आणि परत ठेवते. मी पलीकडं बसलेला असतो. ती टाकसाळीचं काही सांगेल म्हणून मी वाट बघतो, आता मी ‘हं’वर थांबणार नाही असं ठरवलेलं असतं, पण आता ती सांगत नाही. नवं काही येतच नाही तर काय सांगणार.

मागं घराला रंग दिला तेव्हा डबा हलवावा लागला. मी आधी तिची रीतसर परवानगी घेतली आणि मग झाकण उघडलं. सगळ्यात वर एक कागद होता. अक्षर लहान पोरीचं नव्हतं, मोठ्या बाईचं होतं. आत एक साधा रुपया, गल्ल्यात रोज येतो तसला. मला वाटलं, अप्पा गेले त्या दिवसाचा असेल. उघडावं की नको, असं झालं. मग सुमनच म्हणाली, वाचा की, तुमचाच आहे.

कागदावर लिहिलं होतं, ‘अप्पा आले. सगळी नाणी चुकीची लावली. हे मात्र दोन तास गप्प बसले.’

सुमनचं म्हणणं असं की, बाकीची नाणी शोधली तर देशात कुठं ना कुठं आणखी सापडतील. अख्ख्या डब्यात दुर्मिळ असं हेच एक आहे, कारण तसा प्रसंग पुन्हा कधी आलाच नाही.